इराण, दोन पुस्तकांच्या मधला

कोणत्याही तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात जा आणि अनुवादित पुस्तकांच्या कपाटापुढे उभ्या राहा. सगळ्यात जास्त हाताळलेलं, पाठीला चिकटपट्टी लावलेलं, दोनदा बाइंडिंग झालेलं पुस्तक कोणतं असेल ते मी न बघता सांगते. ‘नॉट विदाऊट माय डॉटर’. बेट्टी महमूदीचं, लीना सोहोनींनी मराठीत आणलेलं. आमच्या वाचनालयातल्या प्रतीवर तारखांचे शिक्के मारायला जागाच उरली नाही, म्हणून ग्रंथपालांनी मागे दुसरा कागद चिकटवलाय आणि तोही आता भरत आलाय.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी पुष्कळजणींनी ते वाचलं असणार. ज्यांनी नाही वाचलं त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बेट्टी अमेरिकेतल्या मिशिगनची. नवरा इराणी, भूलतज्ज्ञ डॉक्टर. १९८४ च्या ऑगस्टमध्ये दोन आठवड्यांसाठी म्हणून तो तिला आणि चार वर्षांच्या माहताबला घेऊन तेहरानला आपल्या माणसांकडे गेला. दोन आठवडे संपल्यावर म्हणाला, आता आपण इथंच राहायचं. तिथल्या तेव्हाच्या कायद्यानं परदेशी बाईनं इराण्याशी लग्न केलं की ती इराणी नागरिक. मूल वडिलांचं. नवऱ्याच्या परवानगीशिवाय तिला देशाबाहेर पाऊल टाकता येईना. एकटी पळून जाणं कदाचित जमलं असतं, पण मुलीला सोडून जायचं नाही, हा तिचा हट्ट. दीड वर्षानं, १९८६ च्या सुरुवातीला, बर्फातले डोंगर ओलांडून ती माहताबला घेऊन तुर्कस्तानात पोचली. १९८७ मध्ये पुस्तक आलं, १९९१ मध्ये त्यावर सिनेमाही आला.

पुस्तक हातात घेतलं की खाली ठेववत नाही, हे खरंच. गॅसवरचं दूध उतू गेलं तरी कळत नाही.

शनिवारी दुपारी तीन ते पाच आम्ही आठ-दहाजणी वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमतो. भिशी नाही, हळदीकुंकू नाही. एक पुस्तक सगळ्यांनी वाचायचं आणि त्यावर बोलायचं. निवृत्त झालेल्या शाळेच्या बाई आहेत, मेडिकलचं दुकान सांभाळणाऱ्या वहिनी आहेत, एक अंगणवाडीताई आहे, दोन-तीन काकू आहेत आणि आमच्या गल्लीतल्या भाभी आहेत. या भाभींचं वाचन आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त. शिवणाचं मशीन बाजूला सारून त्या रात्री अकरापर्यंत वाचत बसतात.

तर या पुस्तकावर बोलायचा शनिवार होता. सगळ्याजणी भरभरून बोलत होत्या. बेट्टीच्या सासरच्यांवर राग, नवऱ्यावर राग. बोलता बोलता एक काकू म्हणाल्या, “त्यांच्यात असंच असतं गं.” काकूंच्या मनात वाईट काही नव्हतं. पण ‘त्यांच्यात’ म्हटल्यावर खोलीतल्या दोघी-तिघींची नजर आपसूक भाभींकडे गेली. भाभी शांतपणे म्हणाल्या, “मी आजवर मिरजेच्या पुढं गेले नाही काकू, इराण मला काय माहीत? आणि ते शिया, आम्ही सुन्नी.” मग चहा झाला, विषय बदलला. पुढच्या शनिवारी भाभी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाहीत.

हजारो मैलांवरच्या देशाबद्दलचं एक पुस्तक, आणि त्यानं आमच्या सतरंजीवर एक जागा रिकामी केली. मला ते फार लागलं. बेट्टीवर जे गुदरलं ते तिनं लिहिलं, त्यात तिचं काय चुकलं? नवऱ्यानं तिचं म्हणणं शेवटपर्यंत नाकारलं, २००९ मध्ये तो तेहरानमध्ये वारला. मुलीनं, माहताबनं, मोठेपणी स्वतःचं पुस्तक लिहिलं आणि त्यात आईचीच बाजू खरी असल्याचं सांगितलं. प्रश्न पुस्तकाचा नव्हताच. प्रश्न असा होता, की आमच्या कपाटात इराणबद्दल हे एकच पुस्तक आम्हाला दिसत होतं.

मी ग्रंथपालांना विचारलं, “इराणवर आणखी काय आहे हो?” ते आधी गोंधळले. पुस्तकं लेखकाच्या नावानं मागतात, फार तर “रहस्यकथा द्या”, “पाककृतीचं द्या” असं म्हणतात. देशाच्या नावानं कोण मागणार? पण शोधाशोध केली आणि तीन गोष्टी निघाल्या. प्रवासवर्णनांच्या कपाटातून मीना प्रभूंचं ‘गाथा इराणी’. संदर्भ विभागातून मराठी विश्वकोशाचा खंड, लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईहून ज्याचं काम उभं केलं तो, धूळ झटकून. आणि अगदी वरच्या फळीवरून एक जीर्ण कोश, माधवराव पटवर्धनांचा फार्शी-मराठी कोश, १९२५ चा. माधवराव पटवर्धन म्हणजे आपले कवी माधव जूलियन. ते फारसीचे प्राध्यापक होते, हे मला शाळेत कुणी सांगितल्याचं आठवत नाही.

‘गाथा इराणी’ मी भाभींकडे नेऊन दिलं. म्हटलं, आधी तुम्ही वाचा आणि शनिवारी आम्हाला सांगा. त्यांनी पुस्तक चाळलं आणि म्हणाल्या, “मलाच का?” मी म्हटलं, “तुमचं वाचून लवकर होतं म्हणून.” त्या हसल्या. शनिवारी आल्या.

मीना प्रभू लंडनला राहून मराठीत लिहायच्या. ‘माझं लंडन’, ‘तुर्कनामा’, ‘चिनीमाती’, ‘इजिप्तायन’ ही त्यांची पुस्तकं वाचनालयांत कायम फिरती असतात. २०२५ मध्ये त्या गेल्या. त्यांचं पुस्तक वेगळं का वाटतं? ती तिथं आपखुशीनं गेलेली पाहुणी आहे, बेट्टी अडकलेली होती. पाहुणीला दिवाणखाना दिसतो, अडकलेलीला कोठीची खोली. घर एकच असतं. भाभींनी शनिवारी हे असंच मांडलं, आणि मग काकूच म्हणाल्या, “म्हणजे माहेरवाशिणीला आणि नव्या सुनेला एकच घर वेगवेगळं दिसतं, तसंच की!”

त्या दिवसापासून आम्ही इराणच्या मागेच लागलो. पुढचे दोन-अडीच महिने तेच चाललं होतं.

आधी इतिहास. आमच्या सगळ्यांची समजूत अशी, की इराणात बायकांनी चादर घेणं हे पहिल्यापासून आजतागायत एका रेषेत चालत आलंय. तसं नाही. १९३६ मध्ये तिथल्या रझा शाहनं देश झटपट आधुनिक करायचा म्हणून चादरीवर बंदीच घातली. पोलीस रस्त्यात बायकांच्या डोक्यावरून चादर ओढून काढायचे. कित्येक बायकांनी त्यापायी घराबाहेर पडणंच सोडलं, कारण उघड्या डोक्यानं रस्त्यावर जाणं त्यांना नको होतं. १९४१ मध्ये तो पायउतार झाला आणि सक्ती सैल पडली. मग १९७९ मध्ये क्रांती झाली, शाहचा मुलगा देश सोडून गेला, आयातुल्ला खोमेनींचं राज्य आलं आणि थोड्याच वर्षांत डोकं झाकण्याची सक्ती कायद्यात बसली. आजीच्या डोक्यावरून पोलिसानं ओढून काढली, नातीच्या डोक्यावर पोलिसानं घातली. दोन्ही वेळा तिला कुणी विचारलं नाही. आमच्या शाळेच्या बाई यावर एवढंच म्हणाल्या, “पदर घ्यायचा की नाही हे मी ठरवीन, पोलीसपाटील कोण ठरवणार?”

आणखी एक. बेट्टीच्या पुस्तकात जिकडेतिकडे अमेरिकेविरुद्धचा राग दिसतो, आणि वाचताना वाटतं, ही माणसं अशी का? तर १९५१ मध्ये मोसद्देघ नावाच्या पंतप्रधानानं इंग्रज कंपनीच्या हातातलं तेल देशाच्या मालकीचं केलं. १९५३ मध्ये इंग्लंड आणि अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यांनी कारस्थान करून त्याला खाली खेचलं. अमेरिकेच्या खात्यानं आपला हात २०१३ मध्ये, म्हणजे साठ वर्षांनी, कागदोपत्री मान्य केला. आपल्या घरात बाहेरच्यानं ढवळाढवळ केली की माणसं पिढ्यान्‌पिढ्या विसरत नाहीत, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. त्यात १९८० पासून १९८८ पर्यंत इराकशी युद्ध चालू होतं. बेट्टी तेहरानला उतरली तेव्हा त्या शहरातल्या घराघरांतून तरुण मुलं आघाडीवर जात होती. बेट्टीच्या नवऱ्याच्या वागण्याला यानं माफी मिळत नाही. पण ती ज्या शहरात अडकली होती, ते शहर स्वतःच भेदरलेलं होतं, एवढं कळतं.

मग आम्ही बेट्टीचं पुस्तक पुन्हा उघडलं. दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरली. तिला फोन वापरू देणारा दुकानदार कोण? इराणी. तिच्या पळून जाण्याची सगळी व्यवस्था लावणारा, तिला धीर देणारा माणूस कोण? इराणी. स्वतःचा जीव धोक्यात घालून त्यांनी तिला मदत केली. पहिल्यांदा वाचताना आम्ही सगळ्याजणी नवऱ्याच्या रागात इतक्या बुडालो होतो, की ही माणसं दिसलीच नव्हती. पुस्तक तेच, पानं तीच.

आता थोडं स्वयंपाकघराकडे वळते, कारण खरी गंमत तिथं आली. इराणचं नवं वर्ष, नवरोज, वसंताच्या सुरुवातीला येतं, २० किंवा २१ मार्चला. म्हणजे आपल्या पाडव्याच्या आसपासच. त्याआधी घरोघरी जी साफसफाई चालते तिला म्हणतात ‘खाने तकानी’, म्हणजे घर झटकणं. गालिचे बाहेर, पडदे धुवायला, भांडी घासायला. दसऱ्याच्या आधी आपल्या वाड्यांत काय चालतं? अंगणवाडीताई म्हणाली, “म्हणजे तिथल्या बायकांचीही कंबर मोडते म्हणा की!” नवरोजला ‘हफ्त सीन’ मांडतात. हफ्त म्हणजे सात. आपला आठवड्याचा आणि कर्जाचा हप्ता तो हाच. ‘स’ अक्षरानं सुरू होणाऱ्या सात वस्तू: लसूण, सफरचंद, व्हिनेगर अशा, त्यांची फारसी नावं ‘स’वरून. त्यातली एक ‘सब्जे’, म्हणजे ताटलीत उगवून आणलेला हिरवागार गहू. नवरात्रात आपण घटाभोवती धान्य पेरतो आणि दसऱ्याला ते डोक्यात-कानात खोवतो, त्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. तिकडे ते तेराव्या दिवशी वाहत्या पाण्यात सोडतात.

आणि भात! इराणी बायकांची परीक्षा म्हणे भाताच्या तळाशी धरलेल्या खरपूस थरावर होते. त्याला ‘तहदीग’ म्हणतात. तह म्हणजे तळ, दीग म्हणजे आपली देगची. पाहुणा आला की हा कुरकुरीत थर त्याच्या ताटात पहिला. आपल्याकडे भाताची खरवड म्हणजे सगळ्यांचं झाल्यावर उरली तर घरच्या बाईची. काकूंनी घरी करून पाहिली, बटाट्याच्या चकत्या तळाशी घालून. नातवंडांनी देगची चाटूनपुसून रिकामी केली, असा निरोप आला.

पटवर्धनांच्या कोशानं तर आम्हाला वेडच लावलं. पान उलटावं आणि आपलाच शब्द समोर यावा. बाजार, पडदा, हजार, गुलाब. जरदाळू म्हणजे पिवळा आलू, आलुबुखार म्हणजे बुखाऱ्याचा. दवाखाना, कारखाना यातला ‘खाना’ म्हणजे घर. फडणवीस आणि चिटणीस यांच्या शेपटाला असलेला ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. एवढंच काय, पेशवा हा शब्दही फारसी, पुढे असणारा तो पेशवा. शिवाजी महाराजांनी कारभारातले फारसी शब्द काढून संस्कृत आणण्यासाठी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, हे आपण शाळेत शिकतो. तो का करावा लागला असेल, हे हा कोश चाळताना कळतं. आणि गंमत म्हणजे, इराणी बाईची ‘चादोर’ आणि आपली सोलापुरी चादर, शब्द एकच. एक ती अंगभर लपेटून बाहेर पडते, दुसरी आपण पांघरून झोपतो.

आमच्याकडे मोहरमला पीर बसतात आणि कितीतरी हिंदू घरांचे नवस त्याला असतात. त्या मोहरमची करबलाची गोष्ट इराणच्या मनाच्या मध्यभागी आहे, हेही याच ओघात कळलं. भाभींनी ती नीट सांगितली. सगळ्याजणी ऐकत होत्या.

आता जरा अवघड भागाकडे येते. नावाचा विषय निघाला होता. इराणमध्ये लग्नानंतर बाईचं आडनाव बदलत नाही. वडिलांकडून आलेलं तेच शेवटपर्यंत राहतं. हे ऐकून आमच्या खोलीत दोन मिनिटं कुणी बोललं नाही. आपल्याकडे आडनाव तर बदलतंच, पण लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहून पाळण्यातलं नावसुद्धा पुसून टाकण्याची पद्धत कित्येक घरांत होती. आमच्यातल्या तिघींची अशी नावं बदललेली. शाळेच्या बाई म्हणाल्या, त्यांच्या मूळ नावानं त्यांना हाक मारणारं आता कुणीच उरलेलं नाही.

मतदानाचंही तसंच. इराणी बायकांना १९६३ मध्ये मताचा हक्क मिळाला. आणि ज्या स्वित्झर्लंडचे बर्फाळ फोटो टूरवाले आपल्याला दाखवतात, तिथल्या बायकांना देशाच्या निवडणुकीत मत देता आलं ते १९७१ पासून. आपण दोघींच्याही आधी. पुढारलेलं कोण आणि मागासलेलं कोण, याचा हिशेब बसून मांडू लागलं की बोटं अडखळतात.

पण खरी ठिणगी पडली ती मुलाच्या ताब्यावरून. बेट्टीच्या पुस्तकातला कायदा वाचताना आम्ही सगळ्याजणी चडफडलो होतो. मूल बापाचं म्हणजे काय! पुढे वाचनातून कळलं, की इराणात तेव्हा आईकडे ताबा असायचा तो मुलगा २ वर्षांचा आणि मुलगी ७ वर्षांची होईपर्यंत; २००३ मध्ये बदल होऊन मुलग्यासाठीही ७ वर्षं झाली. पण पालक म्हणून हक्क वडिलांचाच. यावर मेडिकलवाल्या वहिनींनी विचारलं, “आणि आपल्याकडे?”

कुणालाच धड सांगता येईना. बाईंनी ओळखीच्या वकिलीणबाईंना बोलावलं. त्यांनी सांगितलं ते ऐकून आम्ही गार पडलो. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यात लिहिलंय, की मुलाचा नैसर्गिक पालक वडील आणि ‘त्यांच्यानंतर’ आई. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे, पण पालक म्हणून पहिलं नाव वडिलांचं. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावानं रोखे घ्यायचं ठरवलं, तेव्हा वडिलांची सही मागितली गेली. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९९९ मध्ये न्यायालयानं सांगितलं, की ‘त्यांच्यानंतर’चा अर्थ फक्त वडिलांच्या मृत्यूनंतर असा घ्यायचा नाही, वडील मुलाकडे लक्ष देत नसतील तर त्यांच्या हयातीतही आई पालक. कायद्यातले शब्द तेच ठेवून अर्थ लावून दिला. भाभींनी त्यांच्याकडची रीत सांगितली: मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आईजवळ, मुलगी वयात येईपर्यंत, पण पालक वडीलच. म्हणजे ‘त्यांच्यात’ आणि ‘आपल्यात’ फरक होता तो किती? पहिल्या शनिवारी ते वाक्य बोलणाऱ्या काकू मान हलवत राहिल्या.

आमच्यात एक आहे, तिची ओळख सांगत नाही. ती सहसा बोलत नाही. त्या दिवशी सगळ्या निघाल्यावर ती मागे थांबली. तिची लेक चार वर्षांच्या मुलाला घेऊन माहेरी आली होती. सासरचे येऊन म्हणून गेले होते, की तू राहायचं तर राहा, पोरगा आमचा आहे, घेऊन जाऊ. लेक घाबरून मुलाला अंगणवाडीतसुद्धा पाठवत नव्हती. घरात सगळ्यांची समजूत हीच, की कायदा त्यांच्या बाजूनं आहे. वकिलीणबाईंनी तिला तिथंच बसवून समजावलं, की पाच वर्षांखालचा मुलगा असा उचलून नेता येत नाही. तालुका विधी सेवा समितीकडे बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो, हेही सांगितलं. सोमवारी मायलेकी कोर्टात जाऊन अर्ज करून आल्या. प्रकरण अजून चालू आहे. काय होईल ते होईल, पण नातू अंगणवाडीत जायला लागलाय.

इराणबद्दलचं तिसरं पुस्तक आमच्या वाचनालयात नव्हतं. ते माझ्या भाचीनं पुण्याहून आणलं, इंग्रजीत. शिरीन एबादी यांचं आत्मकथन, २००६ चं. ही ना पाहुणी, ना अडकलेली. ही घरची लेक. तेहरानमध्ये न्यायाधीश होती. १९७९ नंतर बाई न्यायाधीश नको म्हणून, ज्या न्यायालयात ती प्रमुख म्हणून बसायची तिथंच तिला कारकून केलं. तिनं पुढे वकिली करून बायकांचे आणि मुलांचे खटले लढवले आणि २००३ मध्ये तिला शांततेचं नोबेल मिळालं. मला सगळ्यात आवडलं ते तिच्या नवऱ्याचं. नव्या कायद्यानं घटस्फोटाचा आणि मुलांचा सगळा अधिकार पुरुषाच्या हातात दिला, तेव्हा तो तिला घेऊन नोंदणी कार्यालयात गेला आणि घटस्फोटाचा आणि मुलांच्या ताब्याचा हक्क तिला लिहून देऊन आला. हा नवराही इराणीच. मी शनिवारी भाषांतर करत करत हे वाचून दाखवलं, तेव्हा वहिनी म्हणाल्या, “हे पान झेरॉक्स करून द्या, घरी लावते.”

ही तिसरी बाजू कपाटात फार कमी असते, हे मात्र नोंदवायलाच हवं. आपल्याकडच्या अनुवादांच्या कपाटात परदेशी बाई बहुतेक वेळा छळ सोसताना आणि पळताना भेटते. ‘काबूलीवाल्याची बंगाली बायको’ घ्या. सुश्मिता बॅनर्जींची अफगाणिस्तानातून सुटकेची ती कहाणी आपल्याकडे घरोघर वाचली गेली. पण त्याच सुश्मिता पुढे आपणहून अफगाणिस्तानात परत गेल्या, तिथं बायकांच्या आरोग्याचं काम करत होत्या आणि २०१३ च्या सप्टेंबरमध्ये त्यांना गोळ्या घालून मारण्यात आलं, हे किती वाचकांना ठाऊक आहे? त्या परत का गेल्या असतील, यावर आमच्याकडे एक अख्खा शनिवार गेला. एकमत झालं नाही.

कुणी म्हणेल, आता मोबाईलवर सगळं मिळतं, वाचनालय कशाला? मोबाईलवर बातमी मिळते. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये तेहरानमध्ये केस नीट झाकले नाहीत म्हणून पकडलेली २२ वर्षांची महसा अमिनी कोठडीत असतानाच कोसळली आणि दवाखान्यात गेली, तेव्हा इराणी मुली रस्त्यावर उतरल्याचं आम्हीही मोबाईलवरच पाहिलं होतं. घोषणा होती, “जन, जिंदगी, आजादी”. ती मुळात कुर्दी भाषेतली, फारसीत आली. आता कोश हाताशी असल्यावर कळलं, की त्यातला ‘जन’ म्हणजे बाई, आपल्या जनानखान्यातला. उरलेले दोन शब्द तर भाषांतरच मागत नाहीत.

एक व्यवहाराची सूचना. प्रत्येक वाचनालयात पुस्तकांच्या मागणीची वही असते, निदान मागितली तर काढून देतात. अनुदानातून दरवर्षी नवी पुस्तकं घ्यायची असतातच, आणि वहीत काही लिहिलेलं नसलं की विक्रेता आणील ती घेतली जातात. आम्ही आठजणींनी एकाच विषयाची मागणी आठ वेळा लिहिली, सह्यांसकट. ग्रंथपालांनी कपाळाला हात लावला, पण यादी संचालकांच्या बैठकीत ठेवली. भिंतीवर जगाचा एक नकाशाही मागून घेतलाय. तो आल्यावर काकूंनी पहिल्यांदा सोलापूर शोधलं, मग बोट सरकवत सरकवत तेहरान. म्हणाल्या, “एवढंही लांब नाही गं.”

सध्या जपान चालू आहे. ‘तोत्तोचान’ सगळ्यांनी वाचून झालंय. रेल्वेच्या डब्यांत भरणारी ती शाळा, मुलांच्या जेवणात थोडं समुद्रातलं आणि थोडं डोंगरावरचं आहे ना, हे रोज फिरून बघणारे ते हेडमास्तर कोबायाशी. अंगणवाडीताईनं लगेच आपल्या मुलांचे डबे तसे बघायला सुरुवात केलीये. आमच्याकडे समुद्र नाही, म्हणून ‘थोडं शेतातलं, थोडं झाडावरचं’. ती शाळा १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळून गेली. ते युद्ध जपाननं का सुरू केलं आणि चीन-कोरियातल्या बायकांवर त्यात काय ओढवलं, याचं मराठी पुस्तक भाभींनी मागणीच्या वहीत लिहून ठेवलंय.